पाचवीच्या व्हरांड्यातला विदूषक

१९८६ सालची ही गोष्ट. त्या साली जलंगी नदीला पूर आला नाही आणि निवडणूकही नव्हती, त्यामुळे पलाशडांगा गावाला दुसऱ्याच्या कामात लक्ष घालायला भरपूर सवड होती. नेमकं तेच साल निवडून आभाराणी चाकलादार यांनी आपल्या नवऱ्याचं हसू मातीत घडवून घ्यायचं ठरवलं.

नवरा म्हणजे क्षितीश मास्टरमशाय. आदल्या श्रावणात ते गेले. उभा जन्म त्यांनी गावच्या शाळेत पाचवीला बंगाली शिकवलं, आणि त्यातही त्यांचा हातखंडा धडा एकच, नामांचे प्रकार. आमच्या गावात मासे विकणाऱ्यालाही भाववाचक नाम म्हणजे काय ते ठाऊक होतं, ते त्यांच्यामुळे. पुस्तकात त्या धड्याला होतं अर्धं पान. मास्टरमशाय ते मिटून ठेवत आणि राजाच्या विदूषकाची गोष्ट सुरू करत.

राजाने विदूषकाला हुकूम केला, माझ्या खजिन्यात नाही अशी एक वस्तू उद्या आणून दे, नाहीतर मुंडकं उडवीन. दुसऱ्या दिवशी विदूषक आला तो दोन्ही मुठी अशा जपून धरून, की आत जणू पाखराचं पिल्लू आहे. ‘हळू, बाबांनो, धक्का लावू नका,’ म्हणत तो दरबारातून चालला. प्रधान वाकला. सेनापती वाकला. पडद्याआडून राणीने मान बाहेर काढली. राजा तर सिंहासनावरून इतका पुढे झुकला की त्याचा सोन्याचा मुकुट घरंगळत विदूषकाच्या पायाशी आला. तेव्हा विदूषकाने मुठी उघडल्या. आत काहीच नव्हतं. ओणवा झालेला सगळा दरबार एकमेकांकडे बघू लागला आणि राजाला असं काही हसू फुटलं की आवरेना. ‘महाराज,’ विदूषक म्हणाला, ‘हीच ती वस्तू. जमा करून घ्या आणि मला पोच द्या.’

मग मास्टरमशाय विचारत, “राजाचं नाव?” वर्ग ओरडे, “विशेषनाम!” “मुकुट?” “सामान्यनाम!” “सोनं?” “पदार्थवाचक!” “दरबार?” “समूहवाचक!” “आणि मुठीतून निघालं ते?” “भाववाचक!” यावर पोरांच्या आधी मास्टरमशाय स्वतःच हसत सुटत. दरवर्षी तीच गोष्ट, दरवर्षी तेवढंच हसणं. गोष्ट आपल्याला कुणीतरी आत्ताच सांगितली, असं त्यांचं तोंड व्हायचं.

आता घरातला फोटो. तो एकुलता एक होता. फोटोवाल्याने ‘हलू नका’ म्हटलं की मास्टरमशाय श्वाससुद्धा रोखून धरायचे. परिणामी भिंतीवर हार घातलेला जो गृहस्थ होता, तो सबंध पाचवी नापास करून नुकताच बाहेर पडल्यासारखा दिसे. आणि आभाराणींवर संकट असं आलं होतं की अलीकडे डोळे मिटले की हाच गृहस्थ समोर उभा राही. हसण्याचा आवाज आठवायचा, पण तोंड फोटोतलं यायचं. खरं तोंड दिवसेंदिवस मागे मागे चाललं होतं. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. नवऱ्याचा चेहरा विसरायला लागले, असं कुठली बायको चारचौघांत सांगेल?

तेवढ्यात शाळेने मास्टरमशायांच्या स्मरणार्थ पाचवीच्या वर्गाला एक पंखा द्यायचं ठरवलं. पात्यांवर त्यांचं नाव रंगवायचं. हेडक्लार्क नित्यहरी समद्दार मंजुरी घ्यायला घरी आले. आभाराणींना ते बौदी, म्हणजे वहिनी, म्हणत.

“पंखा फिरायला लागला की नाव कसं दिसणार?” आभाराणींनी विचारलं.

“बौदी, वीज कधी असते? नाव छान दिसेल.”

“मग पंख्यापेक्षा दुसरं काहीतरी करा. विदूषकाची मूर्ती करा. मुठी पुढे धरलेला, ह्यांच्यासारखा हसणारा. पाचवीच्या व्हरांड्यात बसवा. पोरांना धडा कळेल.”

खर्च त्याच करणार म्हटल्यावर समद्दारबाबूंना हरकत नव्हती. हरकत नियमांची होती. पुतळा म्हटला की थोर पुरुषाची जन्माची आणि मृत्यूची तारीख लागते.

“विदूषकाच्या तारखा मी कुठून आणू?”

“मग तो झालाच नाही असं धरावं लागेल. आणि न झालेल्या माणसाचा पुतळा शाळेत बसत नाही.”

बराच खल झाला. अखेर समद्दारबाबूंनीच तोड काढली. पृथ्वीचा गोल, नकाशे, सांगाडा यांच्या ओळीत ‘मातीचा विदूषक, नग एक’ अशी शैक्षणिक साधन म्हणून नोंद झाली. आपला नवरा सांगाड्याच्या खालोखाल बसला हे आभाराणींना टोचलं, पण गिळून टाकलं.

मग सल्ले सुरू झाले. शेजारची बुलूदी म्हणाली, “माती कसली करतेस? सिमेंटचा कर. पोरं वर चढली तरी मोडायचा नाही.” तिचे यजमान भवानीबाबू कोर्टात पेशकार होते. निवृत्त झाल्यापासून ते गावाचेच निकाल देत. ते म्हणाले, “सिमेंट हसत नाही. माझ्या उभ्या हयातीत मी सिमेंट हसताना पाहिलेलं नाही.” एकाने तर दोन्ही मुठींत नळ बसवा, पोरांची पाण्याची सोय होईल, असंही सुचवलं. क्लबचा सेक्रेटरी हाबुल म्हणाला, “काकीमा, मिरवणुकीचं काय ते आमच्यावर सोडा.” मिरवणूक निघणार नाही हे त्याला पटायला फार वेळ लागला.

मूर्तिकार नाडू पाल. हा माणूस बोलायला लागला की आधी त्याचे आजोबा बोलत. “माझ्या आजोबांची लक्ष्मी बघून साहेब टोपी काढायचा, मा.” सरस्वतीपूजा तोंडावर आलेली, अंगणात पांढऱ्या सरस्वती रांगेने वाळत होत्या. त्यांच्या मधोमध त्याने बांबू आणि पेंढ्याचा सांगाडा बांधून विदूषक उभा केला. धड झालं, मुठी झाल्या, पोट तर फारच सुरेख झालं. घोडं अडलं ते तोंडापाशी. पहिलं तोंड मतं मागायला आल्यासारखं हसत होतं. दुसऱ्याची दाढ दुखत होती.

“हसणारा माणूस करून घेतो कोण, मा?” नाडू पाल वैतागला. “देव हसतात ते गालातल्या गालात. पुढाऱ्यांचे पुतळे हसत नाहीत. मेलेल्या वडिलांचे तर नाहीतच. मास्टरमशाय हसायचे कसे, ते कुणीतरी करून दाखवा.”

झालं. दुसऱ्या दिवशी अर्धा गाव नाडू पालच्या अंगणात जमून मास्टरमशायांसारखं हसत होता. बुलूदीने कमरेवर हात ठेवून खो खो केलं. हेडसर बटब्याल म्हणाले, “छे! शिस्तीचं स्मित होतं ते,” आणि ओठ ताणून दाखवले. भवानीबाबू मान मागे टाकून असे काही हसले की त्यांची कवळी सुटून ओल्या मातीत पडली. नाडू पालने ती उचलून बघितली. “साचा झकास उठलाय. ठेवायचा का?”

भांडण जुंपलं. मास्टरमशाय ‘हा हा’ हसत की ‘हे हे’? शेवटी बुलूदी म्हणाली, “अरे, बायको समोर उभी आहे आणि तुम्ही काय तंटे करताय? आभा, तू दाखव गं.”

आभाराणी पुढे आल्या. तोंड उघडलं. आणि काही येईना. भिंतीवरचा तो गृहस्थ तेवढा डोळ्यांपुढे येऊन उभा राहिला. एवढ्या वर्षांचा संसार, आणि गावासमोर नवऱ्याचं हसू करून दाखवता येत नाही! “चुलीवर भात आहे,” एवढं म्हणून त्या घरी आल्या. चुलीवर काही नव्हतं. एकटीसाठी चूल त्या सकाळी एकदाच पेटवायच्या.

दोन दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ‘राहू द्या, पंखाच लावा’ असं सांगायचं ठरवून एकट्याच नाडू पालकडे गेल्या. तो तिसऱ्या तोंडाला मातीचा पहिला हात देत होता.

“शेवटचे कशाला हसले होते, मा?” त्याने सहज विचारलं.

आभाराणी म्हणाल्या, “हिलशाला.” मास्टरमशायांनी आयुष्यात एकदाच घासाघीस करून भला मोठा हिलसा मासा स्वस्तात मिळवला होता. घरी येऊन त्यांनी बाजाराची पिशवी अशी काही टेकवली, जणू राज्य जिंकलं. उघडून बघतात तर आत कच्ची केळी आणि एक जुनी चप्पल. गर्दीत पिशवीच बदललेली. “मी म्हटलं, आता केळ्याला मोहरी लावू की चपलेला? तशी आधी आवाजच येईना. नुसते खांदे हलायला लागले. मग डावा डोळा मिटला, उजवा नाही, डावाच. खालचा ओठ दातांखाली गेला, आणि मग हापशाला पाणी यावं तसं एकदम…” आभाराणी सांगत होत्या, हसत होत्या, पदराने डोळे पुसत होत्या. नाडू पाल मधूनमधून आपल्या आजोबांचं काहीतरी सांगत होता. त्याच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं, आणि हाताशिवाय त्याचं स्वतःचंही नसावं.

बोलून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं आणि झटकन पदर डोक्यावर ओढून घेतला. मास्टरमशाय पाहुण्यांना घेऊन अवचित घरी आले की ओढायच्या, तसा.

इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. घोटाळा झाला तो हातगाडीवर. शाळेची सरस्वती आणि शाळेचा विदूषक एकाच अंगणातून एकाच शाळेत जायचे, म्हणून नाडू पालने दोघांना एकाच गाडीवरून पूजेच्या आदल्या दिवशी पाठवलं. उतरवणाऱ्यांनी दोघांना पाचवीच्या व्हरांड्यात शेजारी शेजारी मांडलं.

सरस्वतीपूजेच्या सकाळी आमच्याकडे पुरोहितापेक्षा दुर्मीळ दुसरी वस्तू नाही. घरोघर पूजा, शाळाशाळांत पूजा, आणि पूजा होईपर्यंत पोरांना बोर तोंडात टाकायची बंदी. त्यामुळे रस्त्यात पुरोहित दिसला की पळवतात. हाबुलनेही चक्रवर्ती ठाकुरांना कुठल्यातरी घराच्या दारातून उचलून सायकलवर घालून आणलं. चष्मा आधीच्या घरी राहिला होता. ठाकुरांना व्हरांड्यात मातीच्या दोन आकृती दिसल्या. त्यांनी दोघांवर गंगाजल शिंपडलं, दोघांना फुलं वाहिली, दोघांत प्राण घातले, आणि पुढच्या पळवणाऱ्यांच्या स्वाधीन झाले. पोरांनी आपली पुस्तकं देवीच्या पायाशी ठेवली. व्याकरणाची तेवढी विदूषकाच्या पायाशी. व्याकरण त्याचंच, अशी त्यांची समजूत होती, आणि ती अगदीच चूक म्हणता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी विसर्जनाला हाबुलची पोरं आली आणि सरस्वतीबरोबर विदूषकालाही उचलायला लागली. आभाराणी धावतच पोचल्या आणि आडव्या उभ्या राहिल्या.

“काकीमा, सरा. पूजा झालेली माती घरात ठेवत नाहीत.”

ठाकुरांना बोलावलं. चष्मा लावून त्यांनी विदूषकाला प्रथमच नीट पाहिलं, पण चूक कबूल करणाऱ्यातले ते नव्हते. “प्राण घातलेत ते घातलेत. आता एकतर विसर्जन करा, नाहीतर रोज पाणी आणि बताशा दाखवा. उपाशी ठेवलात तर शाळेला बाधा होईल.”

समद्दारबाबू उसळले. “विसर्जन? शाळेचं साधन आहे ते! पृथ्वीचा गोल टाकतो का आपण नदीत? मोडल्याशिवाय साधन काढून टाकता येत नाही.”

“प्राण असलेली वस्तू साधन कशी?” ठाकुर म्हणाले.

“मग पगारपत्रकात घालू?”

“मी दाखवीन रोज बताशा,” आभाराणी म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस त्यांच्या वैधव्यातले सुखाचे. शाळा भरायच्या आधी त्या वाटीत बताशा आणि तांब्याचा गडू घेऊन जायच्या. नैवेद्य दाखवायचा, आणि मग बसून मोहरीच्या तेलाचा भाव, बुलूदीच्या सुनेची मिजास, गळकं छप्पर, सगळं सांगायचं. डावा डोळा मिटून समोरचा हसत असायचा. घरी येऊन डोळे मिटले की आता भिंतीवरचा गृहस्थ येत नव्हता. खरा माणूस येत होता.

पण गावाला कुणाचं सुख उघड्यावर पडलेलं दिसलं की त्याला हात लावल्याशिवाय राहवत नाही. माध्यमिकची, म्हणजे दहावीची, परीक्षा आली. मासेवाल्याचा मुलगा जाताना विदूषकाच्या गालाला बोट लावून ते कपाळाला लावून गेला, आणि त्याला म्हणे गणितात येतं तेवढंच नेमकं विचारलं. दुसऱ्या सकाळी व्हरांड्यात रांग. बुलूदीने विधीही ठरवून टाकला, आधी डावा गाल, मग उजवा, मग ओठ. “ओठाशिवाय इंग्रजी सुटत नाही,” ती छातीठोकपणे सांगायची. कोर्टाच्या तारखावाले आले. मुली दाखवायच्या होत्या ते आले. हेडसर बटब्याल देव मानत नसत, विज्ञानावर भाषणं देत. तेही मुलाच्या मुलाखतीच्या दिवशी विदूषकाच्या गालावरची ‘धूळ झटकताना’ सापडले.

“अगं बुलू, हात नका ना लावू सगळ्यांनी,” आभाराणी कळवळून म्हणाल्या.

“का गं? तुझा का तो एकटीचा? शाळेचा आहे.”

परक्या बाया रोज नवऱ्याच्या गालाला हात लावत होत्या, आणि तक्रार करायची कुठल्या तोंडाने? तो सरकारदरबारी विदूषक होता.

माती कच्ची. आधी रंग गेला. मग रंगाखालचा पांढरा थर गेला. मग मिटलेल्या डोळ्याच्या कडेच्या सुरकुत्या सपाट व्हायला लागल्या. आभाराणींनी नाडू पालला आणलं. त्याने ओली माती लावून ओठ सारखा केला, मागे सरकून बघितला, पुन्हा केला. आता समोर एक सभ्य अनोळखी माणूस मंद हसत होता.

“काढा ते,” आभाराणी म्हणाल्या.

नाडू पालने ओली माती बोटाने पुसून काढली. पहिल्यांदाच त्याने आजोबांचं नाव काढलं नाही. “वाळलेली माती ओलीला धरत नाही, मा. तेव्हा ते तुम्ही बोलत होता म्हणून झालं.”

ती सबंध सकाळ त्या व्हरांड्यात बसून राहिल्या. रांग आली, बोटं लावून गेली. बारावीच्या परीक्षेला अजून अवकाश होता, रांग वाढतच जाणार होती. दुपारी त्या उठून क्लबात गेल्या आणि हाबुलला म्हणाल्या, “उद्या विसर्जन करा. अजून ओळखू येताहेत, तोवर.”

गावाने आरडाओरडा केला, पण समद्दारबाबू नियमाला जागले. त्यांनी चष्मा लावून दोन्ही गाल तपासले आणि ‘साधन झिजले’ असा निर्णय दिला. तपासून झाल्यावर बोट हळूच कपाळाला लावलं.

चैत्र सरत आलेला. ढाक वाजवत, कुंकू उधळत पोरांनी विदूषकाला घाटावर नेलं, आणि नदीत गुडघाभरच पाणी! त्याला जिथे ठेवावा तिथे तो बसे. कमरेपर्यंत पाण्यात, मुठी पुढे, तोंड घाटाकडे, हसतोय. पोरांनी आणखी आत ओढला. तिथेही कंबरच. घाटावर बायकांना हसू आवरेना, भवानीबाबूंनी कुरमुऱ्याची पुडी सोडली.

“काकीमा, आडवा पाडतो,” हाबुल पाण्यातून ओरडला.

“पाडू नका रे,” आभाराणी म्हणाल्या. “निजवा.”

मग घाटावरचं हसणं थांबलं. पोरांनी मानेखाली हात घालून, म्हाताऱ्या माणसाला आंघोळ घालावी तसा, त्याला हळूच उताणा निजवला. वर वीतभर नितळ पाणी. त्या हलत्या पाण्याखाली झिजलेले ओठ हलले, मिटलेला डोळा हलला, खांदे हलले. अगदी पहिल्यासारखे. आभाराणी शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. पाणी गढूळ होईपर्यंत त्यांनी पापणी लवू दिली नाही.

आणि हाबुलने सवयीने हात वर करून आरोळी ठोकली, “पुढच्या वर्षी!” पोरांनी सवयीने उत्तर दिलं, “पुन्हा येणार!” मग काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. ढाकवाल्याच्या काठ्या हातातच राहिल्या.

आभाराणी उठल्या, साडीचा काठ पिळला. “बुलू, चल. ऊन फार आहे,” म्हणाल्या.

पुढे समद्दारबाबूंना दरवर्षी हिशेबतपासनीस विचारत, “विदूषक कुठे आहे?” ते म्हणत, “पाण्यात.” निवृत्त होईपर्यंत त्या उत्तराने कुणाचं समाधान झालं नाही. बटब्याल सरांचा मुलगा धनबादला बँकेत लागला. हे केवळ गुणवत्तेवर, असं सर न विचारता सांगत. चक्रवर्ती ठाकुरांची नजर पुरती गेली, तरी ते सायकलवर बसून पूजा सांगतच राहिले. बुलूदी आणि भवानीबाबू मुलाकडे कलकत्त्याला गेले. तिथे चौथ्या मजल्यावर सल्ला द्यायला शेजारच नव्हता. भवानीबाबू वर्षभरात गेले आणि बुलूदी अबोल झाली म्हणतात, ज्यावर गावात कुणाचा विश्वास बसला नाही. हाबुलने मांडव घालायचा धंदा काढला. एका कालीपूजेला विजेच्या तारेला हात लागून तो गेला, तेव्हा त्याची मुलगी पाचवीत होती.

नाडू पालचं काय झालं, ते त्याच वर्षी आश्विनात कळलं. त्याने क्लबची दुर्गा केली. देवी नेहमीसारखी, सिंह नेहमीसारखा. पण तिच्या पायाखाली, छातीत भाला घुसलेला महिषासुर डावा डोळा मिटून, खालचा ओठ दातांखाली धरून हसत होता. कमिटीने आकांड केलं. मरताना राक्षस हसतो कुठे? नाडू पाल म्हणाला, “हाताला वळण पडलंय, काय करू? माझ्या आजोबांचंही असंच व्हायचं.” पुढच्या वर्षी त्याला बजावून सांगितलं, तरी तेच. त्याच्यासारखी दुर्गा दुसरा कुणी करत नव्हता, म्हणून गावाने राक्षस सोसला. तो होता तोवर दर आश्विनात राक्षस यायचा आणि दशमीला नदीत जायचा. त्याच्यामागे मुलाने साचे विकत आणले. पण तोवर आभाराणीही राहिल्या नव्हत्या.

त्या होत्या तोवर अष्टमीची पुष्पांजली त्यांनी कधी चुकवली नाही. नवी पांढरी साडी, ओंजळीत फुलं, अगदी पुढच्या रांगेत. सगळ्यांच्या माना देवीच्या मुखाकडे वर झालेल्या असत, यांची तेवढी खाली. मागच्या बायका एकमेकींना कोपराने ढोसून सांगत, “चाकलादार बौदींची भक्ती बघा. आईच्या पायांवरून नजर हलत नाही.”